एंजिन शीतन, हौशी बांधणीच्या विमानांतील

हौशी बांधकाने स्वतः जुळवलेल्या विमानातील पिस्टन एंजिनाची उष्णता विमानाचा वेग फारसा न घटवता बाहेर टाकण्याची व्यवस्था. इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एकतृतीयांश भागच प्रॉपेलरला मिळतो. त्याहून मोठा वाटा निकास वायूंबरोबर निघून जातो आणि उरलेली उष्णता सिलिंडरांच्या भिंती व वंगणतेल यांमधून काढून घ्यावी लागते. कारखान्यात बनलेल्या विमानात हे गणित उत्पादकाने आधीच सोडवलेले असते. हौशी बांधणीत मात्र एंजिन एकाचे, सांगाडा दुसऱ्याचा आणि काउलिंग (एंजिनावरचे आवरण) बहुधा बांधकाच्या हातचे, त्यामुळे शीतनाची चूक पहिल्या उड्डाणातच, आणि तीही चढाईत, उघडी पडते.

आरंभीच्या विमानांत सिलिंडर उघड्या वाऱ्यातच असत. मिनेसोटातील बर्नार्ड पीटनपॉल यांच्या १९२९ च्या सुमाराच्या ‘एअर कँपर’मध्ये फोर्ड मोटारीचे पाण्याने थंड होणारे ‘मॉडेल ए’ एंजिन होते. त्याचा रेडिएटर एंजिनावर, वैमानिकाच्या थेट डोळ्यांसमोर उभा असे. समोरचे पाहायचे तर त्याच्या कडेने डोकवावे लागे. ही रचना ओबडधोबड खरी, पण रेडिएटर प्रॉपेलरच्या झोतात असल्याने जमिनीवरही निभावत असे. पुढे १९६० च्या सुमारास पीटनपॉल कॉर्व्हेअर मोटारीच्या, हवेने थंड होणाऱ्या एंजिनाकडे वळले. त्रिज्यीय (सिलिंडर वर्तुळाकार मांडलेल्या) एंजिनांसाठी अमेरिकेच्या नॅका या विमानविद्या-संशोधन संस्थेत फ्रेड वाइक व सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये पूर्ण काउलिंग तयार केले, तर इंग्लंडमधील टाउनेंड यांचे सिलिंडरांभोवतीचे वलय साधारण त्याच काळातले. दोन्ही प्रयत्न स्वतंत्र असल्याचे सामान्यतः मानतात. आजच्या हौशी विमानांतील समोरासमोरच्या सिलिंडरांची आडवी एंजिने मात्र १९३१ च्या काँटिनेंटल ए-४० पासून रूढ झाली.

या एंजिनांत ‘दाब-शीतन’ वापरतात. पुढील दोन तोंडांतून आलेली हवा सिलिंडरांच्या वरच्या कप्प्यात अडवायची, तेथे वेग घटवून दाब वाढवायचा आणि हा दाब तिला फिन्समधून (सिलिंडरावरील उष्णता घालवणाऱ्या पातळ कडांमधून) खाली ढकलील असे पाहायचे. सिलिंडर थंड होतो तो वरच्या व खालच्या कप्प्यांतील दाबफरकामुळे. तापमान वाढले की तोंड मोठे करावे, ही समजूत म्हणूनच फसवी ठरते. बहुतेक वेळा दोष गळतीत किंवा अरुंद बहिर्गमात (हवा बाहेर पडण्याच्या तोंडात) सापडतो. लायकॉमिंग या अमेरिकी कंपनीच्या चार सिलिंडरी एंजिनांना चढाईत साधारणपणे १२ ते १५ सेंमी. जलस्तंभाइतका दाबफरक लागतो. ताशी १८५ किमी. वेगाला समुद्रसपाटीवर मिळणारा एकूण गतिक दाबच (हवेच्या वेगामुळे येणारा दाब) सुमारे १६.५ सेंमी. भरतो, तर ३०० किमी.ला तो ४३ सेंमी.च्या आसपास जातो. समतल उड्डाणात ऐसपैस वाटणारी व्यवस्था चढाईत अपुरी का पडते, हे या आकड्यांवरून कळते.

हवा अडवण्याचे काम बॅफल करतात. बॅफल म्हणजे सिलिंडरांना वेढणारे ॲल्युमिनियम पत्र्याचे आडपडदे. त्यांच्या कडेला सिलिकोन रबराची पट्टी बसवून काउलिंगशी सांधा बंद करतात. पट्टीचा ओठ आतल्या बाजूला, म्हणजे दाबाकडे वळलेला हवा. बाहेर वळला तर दाब वाढताच सांधा उघडतो. लायकॉमिंगच्या तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडराची मागील बाजू बांधकांच्या विशेष परिचयाची आहे. तेथे शीर्षाच्या फिन्स उथळ असतात आणि मागचा बॅफल त्यांना अगदी टेकतो, त्यामुळे हवेला खाली उतरायला वाटच उरत नाही. अनुभवी बांधक बॅफल व शीर्ष यांच्यामध्ये एक वायसर घालून फट ठेवतात. फिन्समध्ये ओतकामाचे पापुद्रे राहिले असतील, तर ते करवतीच्या पात्याने किंवा बारीक गोल कानशीने काढतात. रबरी पट्टीऐवजी सिलिंडरांवर बंद पेटीसारखे प्लेनम बसवण्याचीही पद्धत आहे. त्याचा लाभ गळती थांबण्यापुरताच दिसतो. नीट बसवलेली पट्टीही जवळपास तेच काम करते.

शीतनामुळे होणारा हवेचा विरोध भरून काढता येतो का, हा जुना वाद आहे. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधील एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये असे मांडले, की नळीत बंद केलेल्या रेडिएटरमधून हवा तापून मागे वेगाने सुटल्यास विरोध घटतो आणि तत्त्वतः रेटाही (विमान पुढे ढकलणारे बल) मिळू शकतो. यालाच मेरेडिथ परिणाम म्हणतात. कल्पनेचे मूळ मात्र त्याआधीचे असावे. ह्यूगो युंकर्स यांचे नळीतील रेडिएटरचे जर्मन एकस्व १९१५ च्या सुमाराचे आहे. युंकर्स यांचा भर रचनेवर व मेरेडिथ यांचा ऊष्मागतिकीय विवेचनावर होता, हे लक्षात घेता नाव मेरेडिथ यांचेच राहिले ते गैर नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये प्रथम उडालेल्या मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखालील रेडिएटरचे श्रेय कोणाचे, यावरही मतभेद आहेत. नॉर्थ अमेरिकन कंपनीचे ली ॲटवुड यांनी उत्तरायुष्यात ते आपल्याकडे घेतले. इतर लेखक मुख्य अभिकल्पक एडगर श्म्यूड व त्यांच्या चमूला ते देतात. उपलब्ध विवेचनांवरून ते एकाच व्यक्तीचे काम नसावे असे वाटते.

हौशी विमानापुरते पाहता या वादाचे वजन कमी आहे. ही प्रक्रिया वेगाने मिळणाऱ्या दाबावर चालणाऱ्या उष्णता एंजिनासारखी असल्याने तिची आदर्श कार्यक्षमताही वेगावरच ठरते. ताशी ६०० किमी.ला ती साधारण ४.६ टक्के येते, ३७० किमी.ला १.८ टक्के आणि २५० किमी.ला एक टक्काही भरत नाही. यातून नळीतील घर्षण व गळती वजा केल्यावर रेट्याच्या गोष्टी करण्यात अर्थ राहत नाही. बहिर्गम गुळगुळीत करून हवा मागे समांतर सोडल्याने विरोध घटतो हे मात्र खरे. छोट्या विमानांच्या वेगातील बरीच सुधारणा त्यातूनच झाली आहे. आडव्या एंजिनांच्या बसवणुकीवर मिसिसिपी स्टेट विद्यापीठात झालेल्या व १९८१ मध्ये नासाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा आधार बांधक आजही घेतात.

अमेरिकी अभिकल्पक बर्ट रुटान यांच्या व्हेरीईझी व लाँग-ईझी या विमानांत एंजिन मागे असते. त्यामुळे जमिनीवर प्रॉपेलरचा झोत एंजिनाला मिळत नाही आणि अंतर्गमाशी (हवा आत घेणाऱ्या तोंडाशी) पोचलेली हवा विमानाच्या अंगाला घासून मंदावलेली असते. नॅकाच्या एम्स प्रयोगशाळेतील १९४५ चे पृष्ठात बुडालेले अंतर्गम अशा जागी दिसायला देखणे असते, परंतु सीमास्तर (पृष्ठालगतचा मंदावलेल्या हवेचा थर) जाड असेल तेथे ते दाब राखू शकत नाही. बाहेर आलेल्या तोंडाचा अंतर्गम शीतनासाठी अधिक भरवशाचा मानावा.

लायकॉमिंगच्या बहुप्रचलित एंजिनांना सिलिंडर-शीर्षाची कमाल मर्यादा २६०° से. आहे, दीर्घायुष्यासाठी उत्पादक सुमारे २२४° से.च्या खाली राहण्याची शिफारस करतो. काँटिनेंटलची मर्यादा २३८° से. आहे. आकड्यांची तुलना करताना संवेदक कोणता, हे पाहणे आवश्यक असते. स्पार्क प्लगच्या वायसरखाली बसवलेला संवेदक शीर्षाच्या खाचेतील संवेदकापेक्षा सहसा अधिक तापमान दाखवतो. तेल फार थंड राहणेही बरे नाही, कारण त्यात साठलेले पाणी उडून जात नाही व आतले भाग गंजतात. म्हणून ते सुमारे ८२° से.पर्यंत तापू द्यावे असे सांगतात.

ऑस्ट्रियन रोटॅक्स ९१२ मध्ये शीर्षे द्रवाने व सिलिंडर हवेने थंड होतात. फोक्सवॅगन रूपांतरांत मोटारीचा पंखा काढून थेट वाऱ्यावर भागवतात.

उष्ण दिवसासाठी अमेरिकी प्रमाणन नियमांत समुद्रसपाटीला ३८° से. ही संदर्भरेषा रूढ होती. चाचणीच्या वेळी हवा या रेषेपेक्षा जितके अंश थंड असेल, मोजलेल्या तापमानात तेवढ्याच अंशांची भर घालायची, फक्त सिलिंडरांच्या नळकांड्यांसाठी त्या फरकाच्या ०.७ पट. हौशी विमानाला असे प्रमाणपत्र लागत नसले, तरी ही दुरुस्ती बांधकाला उपयोगी पडते. महाराष्ट्रात अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५° से.च्या आसपास जातो, ३८° से. धरून आखलेल्या बॅफलांना तेथे सात अंशांची तूट आधीच सोसावी लागते.