डिव्हाइसची नोंदणी फसल्यावर मेमरी कोणी सोडायची?

लिनक्स कर्नलचं सामायिक ड्रायव्हर मॉडेल (डिव्हाइस आणि त्यांचे ड्रायव्हर हाताळण्याची एकच चौकट) २.५ मालिकेत आकाराला आलं आणि डिसेंबर २००३ च्या २.६.० मधून सगळीकडे पोहोचलं. डिव्हाइसची नोंदणी करणारं डिव्हाइस_रजिस्टर() हे फंक्शन तेव्हापासूनच दोन कामं करतं. आधी डिव्हाइस_इनिशिअलाइझ() रेफरन्स काउंट (डिव्हाइस किती जण धरून आहेत याची मोजणी) १ करतं, मग डिव्हाइस_ॲड() सिसएफएसमध्ये, म्हणजे डिव्हाइसं फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रणेत, नोंद करतं. पहिलं फसतच नाही. दुसरं फसू शकतं: त्याच नावाची नोंद आधीच असली तर उणे ईएक्झिस्ट हा एरर कोड मिळतो, मेमरी संपली तर उणे ईनोमेम. पण एरर आली तरी पहिल्या पायरीचा रेफरन्स शिल्लकच राहतो, म्हणून तो रेफरन्स कमी करणाऱ्या पुट_डिव्हाइस() नेच सोडायचा, मेमरी सरळ मोकळी करणारं केफ्री() थेट करायचं नाही. फंक्शनवरच्या टिपेत हे ठसठशीत लिहिलेलं आहे, तरीही अनेक ड्रायव्हरांनी ते पाळलं नाही.

त्याचं एक कारण जुन्या रचनेत आहे. डिव्हाइसचं नाव बस_आयडी या २० बाइटच्या ॲरेत, डिव्हाइसची माहिती ठेवणाऱ्या स्ट्रक्चरच्या आतच असे; स्ट्रक्चर सोडलं की तेही जाई. २.६.३० (२००९) मध्ये हा ॲरे काढला. आता डेव्ह_सेट_नेम() नावासाठी वेगळी मेमरी घेतं आणि ती शेवटचा रेफरन्स सुटल्यावरच मोकळी होते. जुना केफ्री() तसाच राहिला आणि नावाची मेमरी गळू लागली, म्हणजे कधीच मोकळी होईना.

गळती मोजक्या बाइटांची, तीही कोडच्या क्वचित चालणाऱ्या वाटेवर. पुढच्याच आवृत्तीत मेमरीची गळती शोधणारं केमेमलीक आलं खरं, पण ती वाट मुळात चालली तरच ते ओरडणार. त्यासाठी फेलस्लॅब या चाचणीच्या सोयीने मेमरीचं वाटप मुद्दाम फसवायचं, मॉड्यूल लोड करायचं, मग केमेमलीकच्या फाइलीत ‘स्कॅन’ लिहून अहवाल वाचायचा. २०२२ मध्ये अशा दुरुस्त्यांचे ढीगभर पॅच आले. त्यांतल्या कित्येकांत मूळ म्हणून २००९ चाच तो बदल नोंदवलेला आहे.

या दुरुस्त्या दिसतात एका ओळीच्या, पण खरी जोखीम तिथेच. पुट_डिव्हाइस() मुळे रिलीज कॉलबॅक (शेवटचा रेफरन्स सुटल्यावर बोलावलं जाणारं फंक्शन) चालतो आणि बहुधा तोच भोवतालचं स्ट्रक्चर सोडतो. एरर आल्यावर गोटू जिथे उडी मारतं, त्या खालच्या लेबलाशी जुना केफ्री() उरला असेल, तर आधी निरुपद्रवी वाटणाऱ्या गळतीचा डबल फ्री होतो, म्हणजे तीच मेमरी दोनदा सोडली जाते. आयडीएतून (क्रमांक वाटणाऱ्या कर्नलच्या सोयीतून) घेतलेला क्रमांक रिलीजमध्ये परत जात असेल, तर त्यालाही हेच लागू. म्हणून पॅच लिहिण्याआधी रिलीज उघडून वाचावा. डिव्हाइस_अनरजिस्टर() मात्र इथे चुकीचंच: जी नोंद झालीच नाही, ती ते काढायला जातं.