पूर्ण भूल आणि हृदयातील गुंतागुंत

पूर्ण भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत रक्तदाब घसरणे, ठोके बिघडणे, हृदयविकाराचा झटका येणे, क्वचित हृदय बंद पडणे, ही हृदयातील गुंतागुंत. नातेवाईक धसका घेतात तो टेबलावरच हृदय बंद पडण्याचा. निरोगी माणसात ते फार दुर्मीळ आहे.

प्रोपोफॉल हे भुलीचे औषध शिरेतून गेले की रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. लगेच श्वासनलिकेत नळी घालताना ठोके आणि दाब उसळतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, पण अरुंद झालेल्या रोहिणींना हा चढउतार झेपत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरताना किंवा तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढताना हृदयाची गती कमी करणारा व्हेगस मज्जातंतू चेतवला जाऊन ठोके अचानक मंदावतात. भूलतज्ज्ञ आधी सर्जनला हात थांबवायला सांगतात. बहुधा तेवढ्यानेच भागते, नाहीतर ठोके वाढवणारे ॲट्रोपिन असतेच.

१८४८ मध्ये इंग्लंडात पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेवेळी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली. आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद मग अनेक दशके चालला. निजामाच्या खर्चाने झालेल्या हैदराबादच्या क्लोरोफॉर्म आयोगांनी श्वासाकडे बोट दाखवले. पुढे १९११ मध्ये ब्रिटिश डॉक्टर गुडमन लेव्ही यांनी हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय नुसते थरथरत राहून थांबू शकते, हे मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले.

ठाणे-नवी मुंबईत शस्त्रक्रियेआधीचा 'फिटनेस' म्हणजे ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फिजिशियनची सही, असे समीकरण झाले आहे. पण विश्रांतीत काढलेला इको हृदय पंप किती करते ते सांगतो, रोहिणीतला अडथळा त्यात निसटू शकतो. त्यापेक्षा 'न थांबता किती जिने चढता?' हा फुकटचा प्रश्न मोलाचा. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्याकडे उत्तर तयार असते. घोडबंदरच्या टॉवरमधले विचारात पडतात. दोन जिने दम न लागता चढणाऱ्याचे हृदय बहुधा ताण सोसते. गुडघे धरलेल्यांना ही कसोटी लागू नाही.

शस्त्रक्रियेशी निगडित झटके बहुतांशी पहिल्या दोन-तीन दिवसांत, वॉर्डात येतात. वेदनाशामकांमुळे निम्म्याहून अधिक जणांच्या छातीत दुखतही नाही, म्हणून जोखमीच्या रुग्णाचे ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) तपासतात. ठोके मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकरची रोजची गोळी शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते; त्याच दिवशी मोठ्या मात्रेत नव्याने सुरू केल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. रोहिणीत स्टेंट (जाळीची नळी) असलेल्याने रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये. झटका येऊन गेला असेल तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया किमान ६० दिवस पुढे ढकलतात.