निवेदनाला ‘ठराव’ म्हणू नका

काबूल विमानतळाच्या ॲबी गेटवर 26 ऑगस्ट 2021 रोजी आत्मघाती स्फोट झाला. सुमारे 170 अफगाण नागरिक आणि 13 अमेरिकी सैनिक त्यात गेले. पुढच्या चार दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतून दोन कागद निघाले: 27 तारखेला प्रसिद्धी निवेदन आणि 30 तारखेला ठराव क्रमांक 2593. दोन्हींत या हल्ल्याचा कडक शब्दांत निषेध आहे, जबाबदारी घेणाऱ्या इस्लामिक स्टेटच्या खोरासान शाखेचं नाव आहे, आणि दोन्ही वेळी परिषदेचं अध्यक्षपद भारताकडे होतं. दोन्हींना सरसकट ‘युनोचा ठराव’ म्हणून मोकळं व्हायला एवढं साम्य पुरतं. (‘युनो’ हे नावही आता निवृत्त करायला हरकत नाही.)

ठरावाचं गणित बहुतेकांना पाठ असतं. 15 सदस्य, किमान 9 मतं, आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणाचंही विरोधी मत नको. तटस्थ राहणं म्हणजे विरोध नव्हे. 2593 वर रशिया आणि चीन तटस्थ राहिले, उरलेली 13 मतं बाजूने पडली, ठराव संमत झाला.

गाडी अडते ती निवेदनापाशी. प्रसिद्धी निवेदनावर मतदानच होत नाही. एखादा देश मसुदा करतो, तो सगळ्या सदस्यांकडे फिरतो, हरकत घ्यायला मुदत दिली जाते. त्या वेळेत कुणी बोललं नाही तर ती संमती. एकाने जरी हरकत घेतली तरी पुन्हा शब्दांची ओढाताण सुरू, नाहीतर निवेदन बारगळतं. म्हणूनच ‘चीनने निवेदनावर व्हेटो वापरला’ हे वाक्य वाचलं की डोकं धरावंसं वाटतं. मतच नाही तिथे व्हेटो कसला? इथे अडवण्याची ताकद फक्त पाच जणांकडे नाही, पंधराही जणांकडे आहे, दोन वर्षांसाठी निवडून आलेल्या देशाकडेसुद्धा. एप्रिल 2025 मध्ये पहलगाम हल्ल्यावरच्या निवेदनात ‘टीआरएफ’ (द रेझिस्टन्स फ्रंट) या दहशतवादी संघटनेचं नाव आलं नाही. तेव्हा पाकिस्तान परिषदेचा अस्थायी सदस्य होता, आणि ते नाव आपण काढायला लावल्याचं त्याच्या परराष्ट्रमंत्र्यांनी स्वतःच संसदेत सांगितलं.

पंधराही जणांना पचेल असाच मजकूर उरतो, त्यामुळे निवेदन वाचताना आधीच्या निवेदनाशी ताडून कोणता शब्द गळला ते बघायचं. तालिबान काबूलमध्ये शिरल्यावर दुसऱ्याच दिवशी, 16 ऑगस्टला, निघालेल्या निवेदनात म्हटलं होतं की, तालिबान किंवा इतर कोणत्याही अफगाण गटाने वा व्यक्तीने दुसऱ्या देशातल्या दहशतवाद्यांना साथ देऊ नये. 27 तारखेच्या निवेदनात वाक्य जवळपास तेच, ‘तालिबान’ मात्र गायब. अकरा दिवसांतला हा फरक निषेधाच्या साऱ्या विशेषणांपेक्षा जास्त बोलका आहे. तो शब्द कुणी काढायला लावला याची नोंद मात्र निवेदनात नसते.

ठरावात ती सोय असते. कोणी कसं मत दिलं ते नोंदलं जातं आणि कारणही उघड सांगितलं जातं. दहशतवादविरोधी मजकुरात इस्लामिक स्टेट आणि पूर्व तुर्कस्तान इस्लामी चळवळ (चीनविरोधी उइगूर अतिरेकी गट) यांची नावं घालायला मसुदाकार तयार नव्हते, परदेशात गोठवलेल्या अफगाण मालमत्तेची दखल घेतली गेली नाही, अशा रशियाच्या तक्रारी होत्या. 27 तारखेच्या निवेदनाला अडवू शकणारा देश तीनच दिवसांनी ठरावापासून अलिप्त राहिला, यात विसंगती काहीच नाही. निवेदनासाठी तो सोबत असणं भाग होतं, ठरावाला त्याचं फक्त विरोधात नसणं पुरेसं होतं.

ठरावातही क्रियापदं नीट वाचावीत. अफगाण भूमी इतर देशांवर हल्ल्यासाठी वापरली जाऊ नये, अशी 2593 मध्ये ‘मागणी’ आहे. लोकांना देश सोडून जाऊ देण्याचा शब्द तालिबान पाळेल, अशी मात्र नुसती ‘अपेक्षा’ आहे. फ्रान्सच्या अध्यक्षांनी बोलून दाखवलेल्या काबूलमधल्या सुरक्षित क्षेत्राचा तर त्यात उल्लेखही नाही.

मधला एक प्रकार आहे, अध्यक्षीय निवेदन. तेही सर्वसहमतीनेच ठरतं, पण परिषदेच्या औपचारिक बैठकीत परिषदेच्या नावाने मांडलं जातं आणि तिचा अधिकृत दस्तऐवज बनतं. सरचिटणीसांच्या प्रवक्त्याने केलेला निषेध हा वेगळाच प्रकार, त्याचा परिषदेशी संबंध नाही.

ओळखायचं कसं? पहिली ओळ बघा. ‘सुरक्षा परिषदेच्या सदस्यांनी’ अशी सुरुवात असेल तर ते प्रसिद्धी निवेदन. सोसायटीच्या सभासदांनी फलकावर चिकटवलेलं पत्र आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदलेला ठराव यांत जो फरक, तोच इथे. आणि क्रमांकाआधी ‘एस/आरईएस’ ही परिषदेच्या ठरावाची खूण नसेल, तर कृपा करून मथळ्यात ‘ठराव’ लिहू नका.