सेंटर गेला, पंचम उरला

मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्या रामबागेतल्या घरी 'शोले' मुका झाला. म्हणजे अगदी ठार मुका नाही. घोड्यांच्या टापा, गोळ्या, वारा, पंचमचं (म्हणजे राहुलदेव बर्मनचं) संगीत, सगळं जागच्या जागी होतं. पडद्यावरच्या माणसांचे नुसते ओठ हलत होते. मावशी पोह्यांवर जिरावन भुरभुरवत म्हणाली, "घ्या! आपल्याच गावच्या माणसाचे शब्द गेले." (संवाद लिहिणाऱ्या जोडीतले सलीम खान जन्माने इंदूरचे, याचा तिला स्वतःच्या घरातला मुलगा असावा तसा अभिमान.) मी रिमोटशी झटापट करत बसलो, तर म्हणाली, "राहू दे रे, कळतंय सगळं."

तिला कळणारच, तिला ते संवाद पाठ आहेत. पण तिची नऊ वर्षांची नात 'शोले' पहिल्यांदाच बघत होती आणि तिलाही कळत होतं. खडकांवर बूट आणि पट्टा दिसले, तेवढ्यात तिने आजीचा पदर धरला. "हा वाईट आहे ना?"

बिघाड सोपा होता. घरातल्या ५.१ यंत्रणेत पुढचे तीन, मागचे दोन आणि घुमाऱ्यासाठी एक असे सहा स्पीकर असतात. संवाद बहुतेक सगळे पुढच्या मधल्या, म्हणजे 'सेंटर' स्पीकरमधून येतात आणि संगीत मुख्यतः डाव्या-उजव्या बाजूंनी. आमचा मधला गप्प झाला होता. मग मी उलटा प्रयोग केला. आवाज पूर्ण बंद आणि खाली संवादांची अक्षरं. आता एकूण एक वाक्य वाचता येत होतं, पण दहा मिनिटांत पोरगी मोबाइलमध्ये शिरली.

१९८८मध्ये सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना त्रिकोण आणि वर्तुळ इकडून तिकडे फिरतात असं एक छोटं चलत्चित्र दाखवलं. चित्र तेच, संगीत दोन वेगळ्या प्रकारचं. संगीत बदललं की लोकांना त्या आकृत्यांचे स्वभावही वेगळे वाटायला लागले. जिथे त्रिकोणाला स्वभाव मिळतो, तिथे गब्बरचं काय घेऊन बसलात!

आता हे होतं कसं? अर्धं उत्तर मावशीच्या पेटीत आहे. ती चाळीस वर्षं गाणं शिकवते. मी तिला सांगितलं, खालच्या सप्तकातली पांढरी एक आणि तिच्या लगतची काळी एक एकदम दाब. घर्रर्र असा हेलकावणारा आवाज आला. तेच दोन स्वर वरच्या टोकाला दाबले तर तिनेच कान झाकले. लगतच्या दोन स्वरांच्या कंपनसंख्येत साधारण सहा टक्क्यांचा फरक असतो. खाली सेकंदाला १३१ आणि १३९ कंपनं, म्हणजे फरक आठाचा. दोन्ही लाटा सेकंदाला आठ वेळा एकमेकींना जोर देतात आणि आठ वेळा पुसून टाकतात. तंबोरा लावताना ऐकू येतो तो हेलकावा हाच, फक्त तिथे तो संथ असतो. वर मात्र १०४६ आणि ११०९, फरक साठाच्या पुढे. एवढे हेलकावे कानाला सुटे मोजता येत नाहीत, त्यांची नुसती खरखर होते.

आणि ही खरखर साधीसुधी नाही. २०१५मध्ये लुक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीचं पृथक्करण केलं. तिचं वेगळेपण पट्टीत किंवा मोठेपणात नव्हतं. आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली होते, त्यात होतं. आपलं रोजचं बोलणं या पट्ट्याच्या बरंच खाली राहतं. जणू हा पट्टा धोक्याच्या हाकेसाठी राखून ठेवलाय. अशा आवाजाने मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग, जो भीतीचा हिशेब ठेवतो, जास्त चेततो. मावशीच्या पेटीवरचे साठ हेलकावे नेमके या पट्ट्यात पडतात.

संगीतकार बर्नार्ड हर्मनला १९६०मध्ये यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. 'सायको'साठी त्याने फक्त तंतुवाद्यं घेतली. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको, असं दिग्दर्शक हिचकॉकचं म्हणणं होतं. हर्मनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. व्हायोलिनच्या अगदी वरच्या टोकाला एकमेकांना खेटून बसलेले स्वर, गज खरवडून काढलेले. ती किंकाळीच आहे, फक्त घशाऐवजी लाकडातून आलेली.

डॅनियल ब्लमस्टीन हा प्राणिशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या डोंगरांत मार्मोट नावाच्या मोठ्या खारीसारख्या प्राण्याचा अभ्यास करतो. हातात धरलेलं पिल्लू कधी कधी किंचाळतं, तेव्हा त्याचा आवाज फाटतो. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे आमच्याकडच्या मिरवणुकीत, राजवाड्याजवळ स्पीकर कुवतीपलीकडे चढवले की फाटतात, तसाच. स्वरयंत्रावर अतोनात जोर आला की कंपनांचा ताल सुटतो. ब्लमस्टीनला प्रश्न पडला, सिनेमावाले हेच वापरतात का? २०१०मध्ये त्याच्या गटाने १०२ चित्रपटांतले प्रसंग तपासले. भयपटांत असे फाटके आवाज जास्त भरले. करुण प्रसंगांत मात्र ते अपेक्षेपेक्षा कमी निघाले, त्याऐवजी स्वराच्या अचानक चढउतारांवर भर होता.

इथे मला 'पथेर पांचाली' (१९५५) आठवतो. तो माझा सगळ्यात आवडता. बाप गावाहून लेकीसाठी, दुर्गेसाठी, साडी घेऊन परततो. दुर्गा गेलेली, त्याला माहीत नाही. आई कोसळते, तोंड उघडते, आणि तिचं रडणं ऐकूच येत नाही. त्या जागी रविशंकरांनी तारशहनाई ठेवली आहे, वरच्या सप्तकातला पटदीप राग. हे गजाने वाजवायचं दिलरुब्यासारखं वाद्य. त्याच्या तारांची कंपनं एका पडद्यावर घेऊन ग्रामोफोनसारख्या कर्ण्यातून बाहेर काढतात, म्हणून आवाजाला नाकातून आल्यासारखी धार येते. हर्मनने वाद्यांना किंचाळायला लावलं. रविशंकरांनी आईचा हुंदका उचलून वाद्याच्या गळ्यात घातला, पण तो सुरात ठेवला, फाटू दिला नाही. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड. मावशीला दाखवलं तर ती फक्त "पटदीप" म्हणाली आणि उठून आत गेली.

'शोले' आला त्याच वर्षी, १९७५मध्ये, जॉन विल्यम्सने 'जॉज'चा शार्क दोन लगतच्या स्वरांत बसवला. लांब असताना संथ आणि हळू, जवळ येताना जलद आणि मोठा. वाढत जाणाऱ्या आवाजातला बदल आपल्याला तेवढ्याच कमी होणाऱ्या आवाजापेक्षा मोठा वाटतो, हे जॉन न्यूहॉफने १९९८मध्ये दाखवलं. येणाऱ्याची दखल आधी घ्यावी, जाणारा जाईना का! दोन पोरं खोटा पर लावून लोकांना घाबरवतात तिथे विल्यम्स गप्प बसतो, हा त्याचा प्रामाणिकपणा.

लयीचं गणित याहून सोपं. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांनी २००६मध्ये २४ जणांना वेगवेगळी संगीतं ऐकवली, त्यात आपलं रागसंगीतही होतं. लय वाढली की श्वास आणि नाडी वाढत होती. मध्येच दोन मिनिटं शांतता ठेवली, तर नाडी सुरुवातीपेक्षाही खाली आली. बसंतीच्या टांग्यामागे पं. सामताप्रसादांचा तबला धावतो तेव्हा आपला श्वास का चढतो ते यातून कळतं. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तिथली झोपाळ्याची करकर मात्र या प्रयोगात बसत नाही. त्या शांततेत कुणाची नाडी खाली जात असेल, असं वाटत नाही.

शेवटी जेल रोडवरून एका कारागिराला बोलावलं. त्याने स्पीकर फिरवून पाहिला आणि हसला. "कुछ नहीं भिया, तार निकल गया था." शब्द परत आले. टांग्याचा प्रसंग पुन्हा लावला, बसंती धन्नोला ओरडून हाकायला लागली.

"आता तबला ऐकू येईना," मावशी म्हणाली. "काढ ती वायर."