होरोन व्हायोलिनवर कसा आला

मोझार्टच्या १७७५ सालच्या पाचव्या व्हायोलिन कंचेर्टोला (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेला) ‘तुर्की’ म्हणतात. शेवटच्या भागात चेलो आणि डबल बास गजाच्या लाकडाने तारांवर आघात करतात. उस्मानी फौजेच्या वाद्यवृंदाचा हा युरोपने मनाशी रंगवलेला आवाज. अनातोलियातल्या खेड्यांत काय गातात आणि कशावर नाचतात, याचा त्यात मागमूस नाही. ते संगीत, होरोनसारख्या लोकनाचांच्या चालींसह, व्हायोलिनपर्यंत पोहोचायला विसावे शतक उजाडावे लागले.

इस्तंबूलच्या संगीतशाळेने १९२६ पासून गावोगाव फिरून गाणी गोळा करायला सुरुवात केली. १ नोव्हेंबर १९३४ रोजी अतातुर्कने संसदेत लोकगीते जमवून ती आधुनिक संगीताच्या नियमांनी घडवावीत अशी भूमिका मांडली आणि संगीतकारांना दिशा मिळाली. १९३६ च्या नोव्हेंबरात हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक फोनोग्राफ (ध्वनिमुद्रण यंत्र) घेऊन अदाना परिसरातल्या युरुक भटक्यांकडे गेला. सोबत होता तरुण तुर्की संगीतकार अहमद अदनान सायगुन. वरच्या स्वरावरून पायरीपायरीने खाली उतरणाऱ्या त्या चाली जुन्या हंगेरियन चालींशी जुळतात, हे बार्टोकला तिथे कळले. पुढच्या वर्षापासून अंकाराच्या संगीतशाळेच्या संकलन मोहिमा निघाल्या. त्यांत मुझफ्फर सारसोझेन यांचे काम सर्वांत मोठे.

गोळा केलेली चाल व्हायोलिन-पियानोसाठी लिहायला घेतली की पहिली अडचण स्वरांची येते. तुर्की पद्धतीत एका पूर्ण स्वराचे नऊ ‘कोमा’ मानतात. हुसेनी मकामातल्या (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वरचौकट) कितीतरी लोकगीतांत दुसरा स्वर शुद्ध रिषभापेक्षा दोन-तीन कोमा खाली लागतो, म्हणजे आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मध्ये. व्हायोलिनला पडदे नसल्याने तो सहज काढता येतो, पण पियानोच्या पट्टीत तो नाहीच. दोन्ही एकत्र वाजले की कानाला बेसूर लागते. सायगुन, उल्वी जेमाल एर्किन यांच्या पिढीने म्हणून पियानोचेच स्वर पत्करले आणि लोकसंगीताचा गंध लय, अलंकार आणि स्वरसंवाद यांतून आणला. तिसऱ्या स्वरावर बेतलेले पाश्चात्त्य कॉर्ड या चालींना परके वाटतात. त्याऐवजी केमाल इलेरिजी यांनी सा-म अंतरावर रचलेली स्वरसंगती सिद्धान्त म्हणून मांडली.

त्या सा-म अंतराचे जिवंत रूप काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, त्राब्झोन-रिझे भागात ऐकू येते. तिथल्या केमेंचे या गजाने वाजवायच्या वाद्याला तीन तारा असतात, शेजारच्या दोन तारांत सा-म इतके अंतर असते आणि गज बहुधा दोन तारांवरून एकदम फिरतो. एक बोट आडवे टेकवले की दोन्ही स्वर मिळतात, म्हणून होरोन नाचाची चाल भरधाव वेगातही जोडस्वरांत धावते. व्हायोलिनवर तसेच बोट टेकवले तर सा-प मिळतो. सा-म हवा असेल तर जाड तारेवरचे बोट बारीक तारेवरच्या बोटापेक्षा एक पूर्ण स्वर पुढे लागते: डी तारेवर पहिले आणि ए तार मोकळी, मग डी वर दुसरे आणि ए वर पहिले. जाड तारेवरचे बोट अर्ध्या स्वराने मागे राहिले की मध्यम तीव्र होतो. वेग वाढला की नेमके हेच घडते. म्हणून आधी फक्त जाड तारेची ओळ संथ लयीत पक्की करावी, वरची तार नंतर जोडावी.

होरोनचा सात मात्रांचा घाट २+२+३ आहे. रूपकच्या ३+२+२ ची सवय असलेल्यांची सम इथे हमखास चुकते. पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या वादकाचा दोष वेगळा: तो शेवटचे तीन ओढून सातचे आठ करतो किंवा घाईने दाबून सहा. नऊ मात्रांच्या झेयबेक या संथ नाचामध्ये तीन मात्रांचा गट कधी शेवटी, तर कधी सुरुवातीला येतो. तो ३+३+३ असा समान वाटला तर पावलाचा तोल जातो.

सायगुनच्या ‘देमेत’ (१९५५) या व्हायोलिन-पियानो मालिकेत हे दोन्ही नाच शेजारी भेटतात. शिकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असे आम्हाला वाटते. एर्किनचा व्हायोलिन कंचेर्टो त्याआधीचा. तो १९४८ मध्ये अंकारात पहिल्यांदा वाजवणारा लिको आमार जर्मन संगीतकार हिंडेमिथसोबत तंतुवाद्यांच्या चौकडीत वाजवलेला आणि पुढे तुर्कस्तानात स्थायिक झालेला वादक होता.

तुर्की पियानोवादक-संगीतकार फाझल साय याच्या १९९७ च्या व्हायोलिन-पियानो सोनाटातला तिसरा भाग होरोनच आहे, अखंड धावणारा, आणि लगेच पुढच्या भागात अनातोलियातले एक लोकगीत येते. २००८ मध्ये ल्युसर्नला पात्रिसिया कोपाचिन्स्कायाने सादर केलेल्या त्याच्या व्हायोलिन कंचेर्टोत कुदुम, बेंदिर आणि दरबुका ही तुर्की तालवाद्ये थेट वाद्यवृंदात बसली आहेत. एर्किनच्या पिढीने जो ठेका व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या तारांतून काढला, तो इथे चामड्यावर वाजतो.