हाताखाली शिकणे : व्यावसायिक मार्गदर्शनातील नीती (कोकण)

जाणत्या व्यावसायिकाने नवख्याला प्रत्यक्ष काम करवून घेत तयार करणे, आणि त्या काळात दोघांनी पाळायचे संकेत. बोलीत यालाच ‘अमक्याच्या हाताखाली शिकणे’ म्हणतात. वकिलाकडचा ज्युनिअर, सनदी लेखापालाकडचा आर्टिकल (उमेदवारी करणारा विद्यार्थी), कृषी विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी, पेणच्या गणपती कारखान्यातला शिकाऊ कारागीर, तांडेलाच्या (बोटीच्या म्होरक्याच्या) हाताखालचा नवा खलाशी हे सारे या नात्यात येतात. शाळेतल्या शिक्षकाला विद्यार्थ्याच्या कष्टातून काही मिळत नाही. इथे मात्र शिकणाऱ्याच्या श्रमाचा लाभ शिकवणाऱ्याच्याच पदरात पडतो. नीतीचे बहुतेक प्रश्न यातूनच निघतात.

कोकणात या नात्याला आणखी एक पदर आहे. गावे लहान, व्यवसायात नाव असलेली माणसे मोजकी. ज्याच्याकडे शिकायचे तो बहुधा वडिलांच्या ओळखीचा, वाडीतला, कधी भावकीतला. मुंबईत सीनियरशी पटले नाही तर दुसरे ऑफिस गाठता येते. मंडणगडात किंवा देवगडात तसे करायचे तर पुष्कळदा गावच सोडावे लागते. शिकणाऱ्याला सहज निघून जाता येत नाही, म्हणून मर्यादा शिकवणाऱ्याने आपण होऊन घालून घ्यायची असते. ‘आम्हीही असेच सोसून शिकलो’ हे उत्तर इथे नेहमी ऐकू येते. सोसले ते खरे असेल, पण म्हणून ते योग्य ठरत नाही.

पैशाचा प्रश्न सर्वांत जुना आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेने आर्टिकलचे किमान विद्यावेतन ठरवून दिले आहे आणि शिकवण्याबद्दल त्याच्याकडून प्रीमियम किंवा अनामत घेण्यास मनाई केली आहे. वकिलीत असे बंधन नव्हते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या सीनियरची स्वतःची मिळकत बेताची असते, ही अडचण खरी आहे. तरीही काय देणार आणि किती दिवस देणार, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला पैसे लागत नाहीत. बसभाडे खिशातले घालून दोन वर्षे तारखा घेत फिरलेल्या मुलाला एकदाही उलटतपासणी घेऊ दिली नसेल, तर त्याला शिकवले असे म्हणता येत नाही. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ मध्ये उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, असे म्हटले आहे. कमी पैशांत हात मिळावेत म्हणून ते कलम केलेले नाही; शिकवण्याची जबाबदारी मालकावर टाकणे हा त्याचा अर्थ आहे.

विद्या राखून ठेवणे हा याहून सूक्ष्म दोष. पेणच्या मूर्तिकामात माती मळणे, साच्यातून मूर्ती काढणे, जोड घासून साफ करणे, रंग देणे अशा पायऱ्या असतात आणि डोळ्यांची आखणी हे सर्वांत नाजूक काम. हात बसल्याशिवाय ते कोणाकडे द्यायचे नाही, हे रास्तच आहे. पण हात बसल्यावरही कुंचला दिला नाही, मुलगा वर्षानुवर्षे घासकामावरच ठेवला, तर तो धंद्यातला प्रतिस्पर्धी रोखण्याचा प्रकार होतो. दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात लिखित संहिता नसते, संवाद रंगमंचावरच उभे राहतात. तिथे जुन्या नटाने नव्याला बोलायला जागा सोडली नाही तर शिकण्याचा दुसरा मार्गच उरत नाही.

बोटीवर नीती आणि जीव एकत्र येतात. समुद्रात तांडेलाचा शब्द शेवटचा, म्हणून नव्या खलाशाला झेपेल तेच काम देण्याची जबाबदारीही त्याचीच. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्यावर असतात आणि जाळी दुरुस्त होतात. शिकवायला याहून चांगला काळ नाही, मात्र शिकवण्याच्या नावाखाली तो फुकट राबवण्याचा काळ होऊ नये.

श्रेयाचा प्रश्न दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) उदाहरणावरून नीट समजतो. आंब्याची ‘रत्ना’ ही जात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रावर तयार झाली आणि १९८१ मध्ये प्रसारित झाली. कलमाला फळ लवकर धरते. संकरित रोपाला मात्र फळ धरेपर्यंतच अनेक वर्षे जातात, त्या फळाची पारख त्यानंतर. अशा कामातला एखादाच तुकडा एका विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. मोजमापे त्याची, उन्हात उभे राहणे त्याचे, आणि शोधनिबंधावर त्याचे नाव तिसरे किंवा गायब, असे घडू नये म्हणून लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच ठरवावा. मार्गदर्शकाने नुसते पद आहे म्हणून नाव घालून घेणे हेही तितकेच चूक. कृषी विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका मार्गदर्शकाबरोबर सल्लागार समितीही असते. ही व्यवस्था मोलाची आहे, कारण तक्रार घेऊन जायला दुसरे दार राहते.

लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा स्पष्ट आहे. प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार स्त्रिया त्यात कर्मचारी म्हणूनच मोडतात. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती नसते, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. कोकणातली बहुतेक वकिली ऑफिसे, दवाखाने आणि कारखाने याच गटातले, त्यामुळे ही माहिती पहिल्याच दिवशी देणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे. रात्री उशिरा एकटीला थांबवणे, घरची कामे सांगणे, खाजगी आयुष्याची चौकशी करणे यांतले सगळेच कायद्यात बसेल असे नाही. नीतीत मात्र ते बसत नाही.

शिकणाऱ्यावरही बंधने आहेत. पक्षकाराची गोष्ट चहाच्या टपरीवर न बोलणे, ऑफिस सोडताना फायली आणि गिऱ्हाईक चोरून न नेणे, वेगळा धंदा काढायचा असेल तर आधी सांगणे. पण दोन्ही बाजूंचे वजन सारखे नाही आणि ते सारखे दाखवणे खोटे ठरेल.

सत्तेचे पारडे उलट्या बाजूला झुकल्याचे उदाहरण सावंतवाडीचे आहे. लाखकाम (लाखेचे रंगकाम) करणारे आणि गंजिफा (खेळायचे पत्ते) रंगवणारे चितारी कारागीर थोडेच उरले असताना संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यात इतरांना शिकवण्याची सोय केली. इथे शिष्य राजा आणि गुरू कारागीर होता. १२० पानांची दशावतारी (विष्णूच्या दहा अवतारांची) गंजिफा आजही सावंतवाडीत हाताने रंगवली जाते, आणि ती कशी टिकली हे सांगताना पुंडलिक चितारींचे नाव घेतले जाते.