कागद कमी, अटी वेगळ्या: रक्तदान, नेत्रदान, अपघातातली मदत आणि निक्षय मित्र

कोकणातल्या आमच्या वाडीच्या मंडळाचं रक्तदान शिबिर गणपतीच्या दिवसांत मराठी शाळेच्या मोठ्या वर्गात भरतं. नोंदणीच्या टेबलावर मी बसतो आणि दर वर्षी पहिला प्रश्न तोच येतो, "काय काय कागद लागतील?" मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी तर आधार, पॅन, रेशनकार्ड, दोन फोटो असा सगळा संसार प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून आलेला असतो. सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करायला खेपा घातलेल्या माणसाने हा धसका घेतला तर नवल नाही. पण लोकांना मदत करायच्या ज्या चार गोष्टी आम्हाला इथे नेहमी विचारल्या जातात, त्यांत कागद जवळजवळ लागतच नाहीत. अटी मात्र आहेत, आणि माणसं परत जातात ती अटींमुळे. म्हणून त्या एकदाच लिहून ठेवतो.

रक्तदान: आधी जेवून या

मागच्या खेपेला अंगणवाडीच्या ताई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. बोटाला टोचून काढलेला थेंब निळ्या पाण्यात सोडतात, ते तुम्ही पाहिलं असेल. ते निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं ठराविक घनतेचं द्रावण. तेच मोरचूद, जे आपण पावसाळ्यात बोर्डो मिश्रणात घालून सुपारीवर फवारतो. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे असं समजतात. ताईंचा थेंब मध्यावर थांबला, घुटमळला आणि हळूच वर आला. ताई म्हणाल्या, "मला तर काहीच होत नाही हो." होत नसतं, खरं आहे. पण रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, बाईला आणि पुरुषाला सारखंच. आमच्याकडे बायका परत जातात त्या बहुतेक ह्याच एका आकड्यापायी. अशा वेळी नाराज होऊन घरी न जाता उपकेंद्रात जाऊन लोहाच्या गोळ्या घ्याव्यात आणि पुढच्या खेपेला यावं. ताई डिसेंबरात जिल्हा रुग्णालयात जाऊन रक्त देऊन आल्या.

बाकीच्या अटी अशा. वय १८ ते ६५. पहिल्यांदाच देणार असाल तर साठीच्या आत. वजन किमान ४५ किलो, त्यावर ३५० मिलिलिटर रक्त घेतात. ४५० मिलिलिटरची पिशवी हवी असेल तर वजन ५५ च्या वर लागतं. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० दिवस आणि बायकांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं. मलेरिया होऊन बरे झालात तर तीन महिने थांबायचं, डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाला असेल तर सहा महिने. आपल्याकडे पावसाळ्यानंतर हा प्रश्न घरटी निघतो, म्हणून आठवून सांगा. गोंदवून घेतलं असेल तर वर्षभर नाही. बाळंतपणानंतरही वर्षभर नाही, आणि अंगावर पाजत असाल तोवर नाही. साखरेचा आजार गोळ्यांवर आटोक्यात असेल तर चालतं, इन्शुलिन चालू असेल तर चालत नाही.

उपाशीपोटी यायचं नाही. चतुर्थी असो, श्रावणी सोमवार असो, उपास त्या दिवशी मोडायचा नसेल तर रक्तदान दुसऱ्या दिवशी करा. शिबिरात भोवळ येऊन आडवी होणारी पोरं हमखास नुसत्या चहावर आलेली असतात.

कागद म्हणाल तर एकच, आणि तोही तिथेच मिळतो. नाव, वय, पत्ता, मोबाइल, मागचं रक्तदान कधी, कोणकोणते आजार, ही प्रश्नावली आणि खाली संमतीची सही. ओळखपत्र जवळ असू द्या, झेरॉक्स काढत बसू नका. प्रश्नावलीतल्या खासगी प्रश्नांना शेजारी मेहुणा उभा आहे म्हणून खोटी उत्तरं देऊ नका. त्याला बाहेर पाठवा, किंवा रक्त न देता परत जा. रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते, पण लागण अगदी ताजी असली तर तपासणीतही ती निसटू शकते. पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद आहे, तेव्हा कुणी "बदली डोनर" म्हणून पैसे देऊ करत असेल तर त्यात पडू नका.

मंडळांना एक सांगायचं आहे, आवडो न आवडो. पिशवीतल्या लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. सगळ्या गावांनी गणपतीत आणि नेत्यांच्या वाढदिवसालाच शिबिरं घेतली तर मे महिन्यात, आंब्याच्या घाईत, रक्तकेंद्राचं शीतकपाट रिकामं राहतं. शिबिराचा बॅनर नसला तरी जिल्हा रुग्णालयाच्या रक्तकेंद्रात कधीही जाऊन रक्त देता येतं. जवळ कुठे काय साठा आहे ते ई-रक्तकोश ह्या सरकारी पोर्टलवर दिसतं.

नेत्रदान: फॉर्मपेक्षा घरातलं बोलणं

आमच्या शेजारचे अण्णा निवृत्त शिक्षक. त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता, कार्डही आलं होतं. ते गेले पहाटे. मुलगा मुंबईला, सूनबाई माहेरी, घरात फक्त काकी. कार्ड सापडलं तेराव्याला, विम्याच्या पावत्यांच्या खाली, ट्रंकेत.

इथेच सगळ्यांची गफलत होते. फॉर्म ही फक्त तुमची इच्छा. मृत्यूनंतर संमती द्यायची असते ती जवळच्या नातेवाइकाने, दोन साक्षीदारांसमोर. म्हणजे फॉर्म भरलेला असूनही घरच्यांना पत्ता नसेल तर नेत्रदान होत नाही. उलट, आयुष्यात कधी फॉर्म भरला नसला तरी घरच्यांनी ठरवलं तर होतं. तेव्हा कार्ड देवघराच्या भिंतीवर लावा, किंवा निदान जेवताना दोनदा बोलून ठेवा. अभद्र वाटेल, वाटू द्या.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. कोकणात हीच खरी अडचण. मुंबईहून लेक येईपर्यंत मयत थांबते, बुबुळ थांबत नाही. म्हणून रेल्वेच्या वेळा विचारण्याआधी जवळच्या नेत्रपेढीला किंवा जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागाला फोन करायचा. नंबर आजच काढून ठेवा, त्या वेळी सुचत नाही. पथक येईपर्यंत डोळ्यांच्या पापण्या मिटवा, त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, पंखा बंद करा आणि डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवा. पंखा बंद करायला लोक विसरतातच. गर्दी असते, उकडत असतं, कुणीतरी येऊन परत चालू करतं. कुणाला तरी त्या बटणापाशी उभं करा.

कागद दोन. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि नातेवाइकांचं संमतीपत्र. संमतीपत्र पथकच घेऊन येतं. पोलीस केस असेल, म्हणजे अपघात, विषबाधा वगैरे, तर पोलिसांची हरकत नसल्याचं पत्रही लागतं. काम वीसेक मिनिटांत होतं, तपासणीपुरतं थोडं रक्त घेतात, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काहीही असलं तरी नेत्रदान करता येतं. वयाची अट नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग असेल तर मात्र डोळे घेत नाहीत.

अवयवदान ही वेगळी गोष्ट आहे आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय घरी वारलेल्या माणसाचं देता येत नाही. माणूस दवाखान्यात कृत्रिम श्वासावर असताना मेंदूमृत जाहीर व्हावा लागतो. तो जाहीर करायला चार डॉक्टरांचं मंडळ असतं आणि चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतात. १९९४ च्या कायद्याने ही पद्धत आली. प्रतिज्ञेचा अर्ज म्हणजे नमुना ७, वय १८ पूर्ण हवं. २०२३ पासून अवयवदानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या, संकेतस्थळावर आधारला जोडलेल्या मोबाइलवरून ही नोंदणी होते. तिथे तुम्हाला आधार नंबर लागेल, म्हणजे त्या फोल्डराचा उपयोग झाला म्हणायचा. नोटोची मोफत हेल्पलाइन १८०० ११ ४७७०. घरच्यांची संमती इथेही लागतेच.

देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. पूर्वी त्यासाठी मुंबई, कोल्हापूर गाठावं लागे. आता अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथे सरकारी महाविद्यालयं आहेत आणि चिपळूणजवळ डेरवणला एक खासगीही आहे. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत.

महामार्गावरचा अपघात: नाव सांगायची सक्ती नाही

कशेडी, भोस्ते, परशुराम, हातखंबा. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्याला अपघातांच्या ह्या जागांची नावं पुरेशी आहेत. आमच्या गावातला एक रिक्षावाला बरीच वर्षं अपघात दिसला की रिक्षा वळवून निघून जायचा. तरुणपणी एकदा जखमीला पोचवलं आणि दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, एवढा एकच अनुभव त्याला पुरला होता.

आता तसं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करताना काही कमीजास्त झालं तर मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलीस किंवा दवाखाना नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाही. दवाखाना तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही, भरतीचे पैसेही तुमच्याकडे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचं का हे तुम्ही ठरवायचं. झालात तरी जबाब तुमच्या सोयीने, एकदाच. हे हक्क दवाखान्याच्या दारावर स्थानिक भाषेत लावलेले असायला हवेत. आत जाताना नजर टाका, नसतील तर विचारा.

इथे पात्रता काहीच नाही. १०८ ला फोन करा, किलोमीटरचा दगड सांगा. मान वाकडी झालेल्याला ओढून काढू नका, आगीचा धोका असेल तरच हलवा. बस्स.

ज्याला बक्षिसाच्या योजनेत जायचं आहे त्याच्यासाठी मात्र कागद आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये ५,००० रुपयांवर सुरू केलेली ही योजना २०२५ मध्ये "राह-वीर" नावाने २५,००० रुपयांची झाली. जखमीला पहिल्या तासाभरात, ज्याला गोल्डन अवर म्हणतात, दवाखान्यात पोचवलेलं हवं आणि अपघात गंभीर हवा. म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस भरती, मेंदूला किंवा मणक्याला इजा, किंवा उपचार चालू असताना मृत्यू. डॉक्टरांकडून खात्री झाली की पोलीस अधिकृत पत्रावर पोच देतात. तिच्यात तुमचं नाव, मोबाइल, पत्ता, ठिकाण, तारीख, वेळ असते. तिची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाते, समितीने मान्य केलं की पैसे बँक खात्यात येतात. एका माणसाला वर्षात जास्तीत जास्त पाच वेळा. तुम्ही थेट दवाखान्यात नेलं असेल तर दवाखान्याने पोलिसांना कळवायचं असतं, ते झालं की नाही हे दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा. पोच तुमच्या हातात पडल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. योजनेची जाहीर मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती, तेव्हा अर्ज करताना परिवहन कार्यालयात ताजी स्थिती विचारून घ्या.

जखमीच्या घरच्यांनाही एक सांगा. २०२५ च्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीवर नेमून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार होतात.

समुद्रावर कुणी बुडताना दिसलं किंवा होडी परतली नाही तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. हे दोन होडीवर रंगवून ठेवा.

निक्षय मित्र: सहा महिन्यांचा शिधा

चौघांत हे सगळ्यात कमी विचारलं जातं, पण मंडळाला सगळ्यात जमण्यासारखं हेच आहे. ९ सप्टेंबर २०२२ पासून कोणीही माणूस, मंडळ, पतसंस्था किंवा कंपनी क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणाची मदत द्यायला "निक्षय मित्र" म्हणून नाव नोंदवू शकते. निक्षय ह्या क्षयरोगाच्या सरकारी पोर्टलवर नाव, मोबाइल, पत्ता भरायचा, कुठल्या भागातल्या रुग्णांना आणि किती काळ ते निवडायचं. किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. नोंदणी क्रमांक मिळाला की जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी बोलायचं. ऑनलाइन जमत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा १८०० ११ ६६६६ वर फोन करा. पैसे सरकारकडे भरायचे नसतात, शिधा द्यायचा असतो. मोठ्या माणसाला महिन्याला तीन किलो धान्य किंवा नाचणीसारखं भरड, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि एक किलो दूध पावडर, नाहीतर शेंगदाणे. जमलं तर तीस अंडी. रुग्णाला सरकारकडून नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये मिळतात, ते वेगळे.

मदत घ्यायला रुग्णाची संमती लागते आणि त्याचं नाव गुप्त राहतं. म्हणून पिशवी देतानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. आमच्या मंडळात ह्यावरून वाद झाला होता, वर्गणी देणाऱ्यांना दाखवायचं काय म्हणून. शेवटी दुकानदाराचं बिल दाखवायचं ठरलं. रुग्ण कोण ते आम्हाला ठाऊक नाही, पिशवी आशाताई घेऊन जाते. तिसऱ्या महिन्यात तिच्याकडून एक निरोप आला: तूरडाळ सोसत नाही, मूग असतील तर बरं. तेव्हापासून मूगडाळ जाते.